चालत्या संगणकाचं विंडोज बदलायचं कधी?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशी टॅली उघडलं, प्रिंटरने कागद ओढला, मुलांचं यूट्यूबही लागलं. मग घराघरांत आणि दुकानादुकानांत जे म्हटलं जायचं तेच म्हटलं गेलं: चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?

या म्हणण्यात तथ्य आहे. नवी आवृत्ती टाकली आणि जुना स्कॅनर चालेना, डिजिटल सहीचं टोकन दिसेना, त्यात जीएसटीची तारीख तोंडावर, अशी तारांबळ अनेक लहान कार्यालयांत उडते. तरीही ‘हात लावू नका’ असा सल्ला देता येत नाही. तुमच्या टेबलावरचं विंडोज १० होतं तसंच राहतं. पण त्याच्या कच्च्या जागांची बाहेरच्यांना असलेली माहिती महिन्यागणिक वाढत जाते.

पॅच निघाला की काय होतं

विंडोज म्हणजे कोट्यवधी ओळींचा प्रोग्रॅम. त्यात चुका राहतात आणि त्यातल्या काही चुका परक्याला आत घेणाऱ्या असतात. त्या सापडतील तशा दुरुस्त करून मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच सोडतं. २००३ पासूनचा हा शिरस्ता आहे. आपल्याकडे तोवर मंगळवारची रात्र झालेली असते. पॅच बाहेर पडला की तो दोन प्रकारचे लोक उघडतात. आपल्यासारखे तो बसवतात. दुसरे लोक जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून नेमकं काय बदललं ते शोधतात. जिथे बदल झाला तिथेच चूक होती, हे उघड असतं. मग ज्यांनी पॅच बसवलेला नाही त्यांच्यासाठी हत्यार तयार करायला फार दिवस लागत नाहीत.

विंडोज १० आणि ११ यांचा बराच भाग एकच आहे. एकाच कारखान्यातल्या दोन कुलपांसारखं त्यांचं आहे: नव्या कुलपातला दोष कारखान्याने जाहीर करून दुरुस्त केला, की जुनं कुलूप कुठून उघडतं हेही सगळ्यांना कळतं. ११ साठी निघणारे कितीतरी पॅच देखभाल नसलेल्या १० मधल्या फटीचा पत्ता सांगून जातात.

हे घडून गेलेलं आहे. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या फाइल-देवाणघेवाणीच्या भागातली एक गंभीर त्रुटी बुजवली. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने याच त्रुटीवर ‘इटर्नलब्लू’ नावाचं हत्यार बनवून ठेवलं होतं. ते चोरीला गेलं आणि एप्रिलमध्ये जगासमोर आलं. १२ मे रोजी त्यावर स्वार होऊन ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस पसरला. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे संगणक अडकले. परिस्थिती इतकी बिकट झाली की तीन वर्षांपूर्वी देखभाल थांबवलेल्या विंडोज एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टला खास पॅच काढावा लागला.

मात्र या घटनेची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. वॉनाक्रायने सर्वाधिक गाठले ते विंडोज ७ चे संगणक. विंडोज ७ ची देखभाल तेव्हा चालू होती. पॅच जवळजवळ दोन महिने आधी आलेला होता. तो बसवला गेला नव्हता इतकंच. म्हणजे नव्या आवृत्तीवर जाऊन अपडेट बंद करून बसणारा माणूस आणि जुन्या आवृत्तीवर बसलेला माणूस यांची गत सारखीच.

पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ ला, ‘नॉटपेट्या’ हा दुसरा व्हायरस आला. सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली, आणि त्याची झळ थेट न्हावाशेव्याला लागली. जवाहरलाल नेहरू बंदरातलं मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या कंपनीचं टर्मिनल त्यात विस्कळीत झालं. नॉटपेट्या अधिक कावेबाज होता. एका कच्च्या संगणकातून आत शिरला की तिथल्या मेमरीत पडलेले पासवर्ड उचलायचा आणि त्यांच्या बळावर शेजारच्या, पॅच बसवलेल्या संगणकांतही जायचा. कार्यालयात दहा संगणक असतील आणि नऊ नवे असतील, तर कोपऱ्यातल्या दहाव्याचा विचार वेगळा करता येत नाही तो यामुळेच.

मग लगेच घाबरून नवा लॅपटॉप घ्यायला धावायचं का? नाही. विंडोज १० वरच्या एज ब्राउझरला आणि डिफेंडर या अंगच्या अँटिव्हायरसच्या व्याख्यांना ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट देण्याचं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं आहे. घरगुती संगणकावरचा बराचसा धोका ब्राउझरमधून आणि मेलमधून येतो, म्हणून हा दिलासा छोटा नाही. फक्त त्यावर विसंबून राहू नये. अँटिव्हायरस कितीही चांगला असला तरी तो प्रणालीच्या वर बसून काम करतो. खालच्या गाभ्यातच फट असेल तर आत आलेला परका अँटिव्हायरसला बंद पाडू शकतो. ‘आम्ही दरवर्षी अँटिव्हायरस भरतो’ हे उत्तर अपुरं पडतं ते इथे.

आधी हे तपासा

निर्णयाआधी तीन गोष्टी कळायला हव्यात आणि तिन्ही फुकट कळतात. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अबाउट इथे गेलात की तुमची आवृत्ती आणि प्रोसेसर दिसतो. विंडोज १० असेल तर ती २२एच२ ही शेवटची आवृत्ती आहे का पाहा. नसेल तर आधी तिच्यावर या.

दुसरी गोष्ट प्रोसेसरची पिढी. विंडोज ११ साठी साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. नावात आय५-७२०० असेल तर सातवी, आय५-८२५० असेल तर आठवी, आणि पाच आकडी संख्या असेल तर पहिले दोन आकडे म्हणजे पिढी. एएमडीचं नामकरण गोंधळाचं आहे, तिथे अंदाज बांधू नका. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचं छोटं मोफत साधन चालवलं की ते सरळ हो किंवा नाही सांगतं. जुना लॅपटॉप विकत घेणाऱ्यांनी तर पैसे मोजण्याआधी हे पाहायलाच हवं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठल्याही शहरात स्वस्तात मिळणाऱ्या कंपन्यांच्या उतरवलेल्या लॅपटॉपांत सहावी-सातवी पिढी भरपूर असते, आणि ती स्वस्त का झाली हे आता वेगळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट म्हणजे टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि सिक्युअर बूट. ‘तुमचा संगणक अपात्र आहे’ असा निरोप आला म्हणजे चिप नाहीच असं समजू नका. कित्येक संगणकांत ती असते, फक्त बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेली असते. इंटेलच्या यंत्रांत तिला पीटीटी आणि एएमडीच्या यंत्रांत एफटीपीएम म्हणतात. ती सुरू करण्यापूर्वी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा. असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बायोसमधला बदल पाहून विंडोज ती की मागू शकतं आणि ती नसेल तर तुमच्याच फाइल तुम्हाला उघडत नाहीत.

पात्र असेल तर

संगणक पात्र असेल तर माझं मत सरळ आहे: विंडोज ११ वर जा. अस्सल परवान्याच्या विंडोज १० वरून ते मोफत मिळतं. स्टार्टचं बटण मध्यभागी येतं, उजव्या क्लिकची यादी बदलते आणि आठवडाभर चिडचिड होते. ती सोसण्याजोगी आहे.

कधी जायचं हे मात्र विचारपूर्वक ठरवा. महिन्याचे पॅच आणि नवी आवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण लोक दोन्हींना ‘अपडेट’ म्हणतात आणि दोन्ही एकदम बंद करून टाकतात. महिन्याचा पॅच दोन-चार दिवसांत बसलाच पाहिजे. नव्या आवृत्तीला थोडे आठवडे थांबलं तर बिघडत नाही, उलट बरं. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची नवी आवृत्ती आली तेव्हा काही जणांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइल पुसल्या गेल्या आणि मायक्रोसॉफ्टला ती मागे घ्यावी लागली. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तेव्हा अपडेटला भिणारे अगदीच उगाच भीत नाहीत. उपाय एवढाच की त्याआधी फाइलींची प्रत काढलेली असावी आणि वेळ आपण निवडलेली असावी. कर सल्लागारांनी महिन्याची ११ आणि २० तारीख आणि सबंध सप्टेंबर टाळावा. दिवाळी अंकांची कामं करणाऱ्यांनी गणपती ते दिवाळी संगणकाला हात लावू नये.

प्रत काढायची ती बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि काम झालं की डिस्क काढून कपाटात. जोडलेली डिस्क खंडणीखोर व्हायरस मूळ फाइलींबरोबरच कुलूपबंद करतो. नॉटपेट्यानंतर मर्स्कला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. जगभरच्या त्यांच्या जाळ्यातली एक कळीची प्रत वाचली ती घानातल्या कार्यालयात. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून ते यंत्र जाळ्यापासून तुटलेलं होतं! भारनियमनाचं इतकं भलं कोणी केलेलं ऐकिवात नाही.

पात्र नसेल तर

इथे खरी ओढाताण आहे. सहाव्या-सातव्या पिढीचा संगणक, त्यात एसएसडी आणि आठ जीबी रॅम असेल तर तो आजही व्यवस्थित चालतो, आणि केवळ मायक्रोसॉफ्टची यादी म्हणते म्हणून तो भंगारात काढायला मन धजत नाही. धजूही नये.

पहिला मार्ग मुदतवाढीचा. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची सुरक्षा-मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केली. तिची किंमत ३० डॉलर किंवा तेवढी स्थानिक रक्कम. पण मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन करून विंडोज बॅकअपमधून सेटिंग्ज जोडून ठेवली तर ती मोफत मिळते. अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो आणि एका नोंदणीत दहापर्यंत यंत्रं बसतात. उशिरा नोंदणी केली तरी आधीचे पॅच मिळतात. तो उशिराचा काळ मात्र तुम्ही उघड्यावर काढलेला असतो. कंपन्यांना ही सोय तीन वर्षांपर्यंत आहे, पण यंत्रामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. दर असे ठरवण्यामागचा हेतू लपलेला नाही.

ही मुदतवाढ म्हणजे विचाराला मिळालेला वेळ. तो संपायच्या आत दुसरा मार्ग पक्का व्हायला हवा, आणि माझ्या मते घरगुती संगणकासाठी तो मार्ग लिनक्सचा आहे. लिनक्स मिंट विंडोजची सवय असणाऱ्याला परका वाटत नाही. त्याच्या २२ या मालिकेला २०२९ पर्यंत पॅच मिळणार आहेत आणि तो फुकट आहे. ब्राउझर, मेल, व्हिडिओ कॉल, लिब्रेऑफिस, युनिकोड मराठी टायपिंग हे सगळं त्यात होतं. आधी पेन ड्राइव्हवरून तो नुसता चालवून बघता येतो; वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर चालला तरच पुढे जा. टॅली आणि सरकारी कामांसाठीची टोकनं यांच्यापायी मात्र लिनक्सवर घाम निघतो. त्या कामांसाठी त्याच्या वाट्याला जाऊ नका.

तिसरा मार्ग कोपऱ्यावरचा तंत्रज्ञ सुचवतो: ‘तपासणी वगळून ११ टाकून देतो.’ हे शक्य आहे, आणि सहसा महिन्याचे पॅचही येत राहतात. पण अशा यंत्रांना अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. दरवर्षीची नवी आवृत्ती आपोआप येत नाही, आणि ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून फार जुन्या प्रोसेसरवर ती सुरूच होत नाही. मुलांच्या अभ्यासाच्या दुसऱ्या संगणकाला चालेल. ज्याच्यावर पोट आहे त्याला नको. आणि त्याच बैठकीत तो तंत्रज्ञ ‘हलकं केलेलं विंडोज’ किंवा परवाना उघडणारं क्रॅक टाकू लागला तर तिथेच थांबवा. सुरक्षेसाठी आवृत्ती बदलायची आणि ती बदलताना अनोळखी माणसाने बनवलेला प्रोग्रॅम सर्वाधिकार देऊन चालवायचा, याला काही अर्थ नाही.

डीटीपीवाले, प्रेसवाले आणि जुन्या यंत्रांचे मालक

मराठी मुद्रणव्यवसायाचा प्रश्न यात अगदी वेगळा पडतो. वीस वर्षांपूर्वीचं पेजमेकर, श्रीलिपीची जुनी आवृत्ती, तिचं डोंगल आणि हजारो जुन्या फाइल, अशी एक साखळी कित्येक प्रेसमध्ये अजून चालू आहे. त्या फाइल युनिकोडमध्ये नाहीत. फाँट गेला की मजकुराच्या जागी अगम्य खुणा उरतात. अशा माणसाला ‘११ वर जा’ म्हणणं म्हणजे त्याचं दुकान बंद करायला सांगणं. हाच प्रकार पॅथॉलॉजी लॅबमधल्या जुन्या यंत्राशी जोडलेल्या संगणकाचा, किंवा ज्याचा निर्माता केव्हाच गायब झाला अशा कटिंग मशीनचा.

इथे रिझर्व्ह बँकेचं एक परिपत्रक वाचण्यासारखं आहे. देशातली अनेक एटीएम तेव्हा विंडोज एक्सपीवर चालत होती. जून २०१८ मध्ये बँकेने सगळ्या एटीएमना जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने देखभाल असलेल्या प्रणालीवर आणायला सांगितलं. पण त्याआधी, ऑगस्ट २०१८ पर्यंतच, काही कामं उरकायला लावली: बायोसला पासवर्ड, यूएसबी पोर्ट बंद, आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम बंद. पुढे, ठरवून दिलेले प्रोग्रॅम तेवढेच चालावेत अशी व्यवस्था. यंत्र लगेच बदलता येत नसेल तर त्याला भेटणाऱ्यांची संख्या कमी करा, हा त्यातला विचार प्रेसवाल्याच्याही उपयोगाचा.

म्हणून जुन्या डीटीपी संगणकाची नेटची केबल काढा आणि वाय-फाय बंद करा. मेल, व्हॉट्सअ‍ॅप वेब, बँकेचं काम यांतलं काहीही त्यावर नको. ग्राहकाकडून आलेला मजकूर आधी नव्या संगणकावर उघडा, तिथे तपासा आणि ठरलेल्या एकाच पेन ड्राइव्हने इकडे आणा. ग्राहकाचा पेन ड्राइव्ह थेट लावू नका. २०१० मध्ये उघडकीस आलेला ‘स्टक्सनेट’ हा व्हायरस इराणच्या अणुप्रकल्पातल्या नेटला न जोडलेल्या यंत्रांपर्यंत पोहोचला. पेन ड्राइव्हमधल्या फाइलींची चिन्हं पडद्यावर दिसली तरी तो शिरू शकत होता. हे सांभाळत असतानाच जुन्या फाइलींच्या पीडीएफ करून ठेवा आणि चालू कामं युनिकोडमध्ये वळवायला घ्या. डोंगल काही अमर नाही. ते गेलं तर संगणक कितीही सुरक्षित असला तरी त्या जुन्या फाइल उघडणार नाहीत.

‘गंभीर त्रुटी’ची बातमी वाचताना

दर थोड्या दिवसांनी बातमी येते की सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने विंडोज, क्रोम किंवा अँड्रॉइडमधल्या गंभीर त्रुटीचा इशारा दिला. मथळ्याने घाबरू नका. आत तीन गोष्टी शोधा. ही त्रुटी दुरून, नेटवरून वापरता येते की संगणकासमोर बसलेल्यालाच? तुम्ही काही उघडायला किंवा दाबायला लागतं की नुसतं जोडलेलं असणं पुरतं? आणि तिचा प्रत्यक्ष वापर सुरू झाला आहे का? तिन्हींची उत्तरं वाईट असतील तर त्या रात्रीच पॅच बसवा, जेवण थोडं उशिरा झालं तरी चालेल. त्या इशाऱ्यात तुमच्या आवृत्तीचं नाव असेल आणि तिच्यासाठी पॅचच नसेल, तर या लेखातला बाकीचा ऊहापोह बाजूला ठेवून त्या यंत्राची केबल काढा.

बँकेचं काम फोनवर हलवणाऱ्यांनी हेच फोनला लावून बघावं. सेटिंग्जमध्ये ‘सिक्युरिटी पॅच’ची तारीख असते. ती वर्षापेक्षा जुनी असेल तर जुन्या संगणकावरून उठून तुम्ही जुन्याच फोनवर बसला आहात.

शेवटचं एक: विंडोज ११ वर गेलात तर परतीची वाट दहा दिवस उघडी असते. सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून विंडोज १० परत आणता येतं. ते दहा दिवस नुसते घालवू नका. पहिल्याच दिवशी सहीचं टोकन लावून एक कागद साइन करा, प्रिंटर आणि स्कॅनर दोन्ही चालवा, टॅलीत एक नोंद करून बॅकअप घ्या, मराठी कीबोर्ड उघडून जोडाक्षरं टाइप करा, बँकेच्या संकेतस्थळावर जाऊन या. काही अडलं तर आधी त्या उपकरणाच्या निर्मात्याकडचा नवा ड्रायव्हर शोधा आणि आठव्या दिवसापर्यंत मार्ग निघाला नाही तर परत फिरा, मुदतवाढीची नोंदणी करा आणि अडलेल्या त्या एका उपकरणाची सोय लावायला घ्या.